रेवाची नोंदवही: अंमली पदार्थांच्या गंधओळखीचा सराव, जून ते नोव्हेंबर २०२४

३ जून २०२४

रेवाचे आज्ञापालनाचे सहा आठवडे शनिवारी पूर्ण झाले आणि आज सकाळी साडेसहा वाजता गंधओळखीचा पहिला सराव घेतला. रेवा ही तेरा महिन्यांची काळी लॅब्रॅडॉर मादी आहे. तिची मुख्य हस्तक, म्हणजे तिला हाताळणारी आणि तिच्याकडून काम करून घेणारी पोलीस, मी असून, माझ्या रजेच्या किंवा आजारपणाच्या काळात तिला सांभाळणारे दुय्यम हस्तकही माझ्याबरोबरच जिल्ह्यातून श्वान प्रशिक्षण केंद्रात आले आहेत. केंद्राची अधिकृत दैनंदिनी वेगळी असते आणि तिच्यात बहुतेक गुणच लिहिले जातात. रेवाने काय केले याबरोबरच त्या वेळी आम्ही काय केले, हेही लिहून ठेवण्यासाठी मी ही स्वतंत्र वही सुरू करीत आहे.

आजची मांडणी साधी होती. झाकणाला छिद्रे असलेले आठ स्टीलचे डबे दोन-दोन फुटांवर ओळीने ठेवले आणि त्यांपैकी एकात २० ग्रॅम गांजा ठेवला. रेवाने प्रत्येक डब्याला नाक लावले. गांजाच्या डब्यापाशी ती क्षणभर थबकली, त्याच क्षणी मी तिचा टेनिसचा चेंडू त्या डब्याजवळ टाकला. असे सहा वेळा केले. गंधओळखीचा पाया एवढाच आहे की हा वास आला तर चेंडू मिळतो. गावाकडे मला हमखास विचारले जाते, “मॅडम, कुत्र्याला आधी गांजाची सवय लावता का हो?” तसे काहीही केले जात नाही. नशेतला कुत्रा कामाला निरुपयोगी असतो, आणि रेवाला गांजा नको असतो, तिला चेंडू हवा असतो.

५ जून

नमुन्यांची व्यवस्था लिहून ठेवते. सरावासाठी मिळालेला गांजा, चरस आणि हेरॉइन हे परवानगीने दिलेले पदार्थ असून ते तिजोरीत वेगवेगळ्या हवाबंद डब्यांत ठेवलेले असतात. नमुना बाहेर काढताना आणि परत ठेवताना त्याचे वजन होते, आणि दोन्ही वेळा दोघांच्या सह्या लागतात. हेरॉइनचा डबा दुहेरी जाळीचा आहे, कारण पूड नाकात किंवा तोंडात गेली तर कुत्र्याचा श्वास मंदावू शकतो. पशुवैद्यकीय अधिकारी मॅडमनी त्यावरचे नॅलोक्सोन हे औषध सरावाच्या मैदानावरच ठेवायला सांगितले असून ते कसे द्यायचे, हे आम्हा दोघांकडून करून घेतले.

१३ जून

बसून इशारा देणे रेवाला जमू लागले आहे. वास सापडला की बसायचे आणि नाक त्या जागेकडे रोखून धरायचे, अशी पद्धत आम्ही शिकवत आहोत. पूर्वी अनेक ठिकाणी कुत्र्यांना पंजाने उकरायला शिकवले जात असे. त्यात लोकांच्या सामानाचे नुकसान होते आणि पिशवी फाटली तर पूड थेट कुत्र्याच्या तोंडाशी येते. लॅब्रॅडॉरला मात्र उकरण्याची हौस उपजतच असल्यामुळे रेवा आधी एक पंजा मारते, मग काहीतरी आठवल्यासारखी बसते. पंजा मारला तर चेंडू द्यायचा नाही, असे ठरले आहे.

२४ जून

आज पावसामुळे मैदानावरचा सराव झाला नाही. प्रशिक्षकांनी वर्ग घेतला, त्यातले कामाचे तेवढे लिहिते.

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहून अधिक असतात. कुत्रा हुंगतो तेव्हा सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा आत ओढतो, आणि सोडलेला श्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून बाहेर जात असल्यामुळे समोरचा वास विस्कटून जात नाही. धाप लागलेला कुत्रा तोंडाने श्वास घेतो आणि त्याचे हुंगणे कमी होते. म्हणूनच वीस-पंचवीस मिनिटांच्या शोधानंतर विश्रांती द्यावी लागते.

मला अधिक विचार करायला लावणारी गोष्ट पुढची होती. कुत्रा ज्याला ओळखतो तो बहुतेक वेळा कायद्यातला पदार्थ नसून त्याच्यातून हवेत उडणारे दुसरेच काहीतरी असते. कोकेनची भुकटी हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होते आणि तिच्यातून मिथाइल बेंझोएट निघते. कुत्रे बहुतांशी त्यावर बसतात, असे प्रयोगांत दिसले आहे. हेरॉइनच्या बाबतीत ॲसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरचा वास असतो. गांजा आणि चरस यांचा वास टर्पीन वर्गातल्या सुगंधी द्रव्यांचा असतो. म्हणजे आम्ही “गांजा शिकवला” असे म्हणतो तेव्हा रेवा नेमके काय शिकली, हे आम्हाला तिच्या वागण्यावरूनच ताडावे लागते.

८ जुलै

नोंदवहीच्या दृष्टीने एक अडचण आली. शनिवारी १०० ग्रॅम भरलेला गांजाचा नमुना आज १०३ ग्रॅम भरला. काट्यात दोष नव्हता. मुसळधार पावसात दिवसभर छिद्रांच्या डब्यात राहिल्यामुळे वाळलेल्या बोंडांनी दमट हवेतला ओलावा शोषून घेतला होता. अंमली पदार्थ तीन ग्रॅमने कमी झाला तर चौकशी होते. तो वाढला तर काय करायचे, याविषयी कोणाचेच मत पक्के नव्हते. शेवटी शेरा लिहून दोघांनी सह्या केल्या आणि यापुढे नमुन्याशेजारी हवेतील आर्द्रतेचा आकडाही लिहायचे ठरले. ओल्या गांजाचा वास मात्र जास्त पसरतो, आणि रेवाला आज एरवीपेक्षा लवकर सापडला.

१८ जुलै

काल आषाढी एकादशीच्या बंदोबस्तासाठी बरेचसे मनुष्यबळ गेले होते, त्यामुळे सराव झाला नाही.

आज भुसारी सामानात शोध घेतला आणि रेवा लवंगेच्या पिशवीपुढे बसली. दुय्यम हस्तकांना हसू आले, तरी तिची चूक समजण्यासारखी होती, कारण गांजातील टर्पिनांपैकी कॅरिओफिलीन हे लवंगेत आणि काळ्या मिरीतही असते. त्यासाठी तिला रागावून चालणार नाही. लवंग, मिरी, हिंग, कापूर, तंबाखू, कॉफी, लोणच्यातले व्हिनेगर आणि डांबराच्या गोळ्या हे सगळे आता रोजच्या ओळीत रिकाम्या डब्यांच्या जागी ठेवायचे आहेत. त्यांच्यापुढे बसल्यास काहीच मिळणार नाही. शिक्षा नाही आणि चेंडूही नाही.

कॉफीत किंवा मिरचीत लपवला तर कुत्र्याला कळत नाही, असा समज तस्करांत असतो. आपल्याला आमटीचा एकच वास येतो, तर कुत्रा त्यातले जिरे आणि कढीपत्ता वेगवेगळे ओळखतो. तिखटाने नाक चुरचुरते आणि कुत्रा मागे सरतो हे खरे आहे, पण तसा मागे सरणे हेही हस्तकाला काहीतरी सांगत असते.

५ ऑगस्ट

आज जे आढळले ते सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यामुळे दोन महिन्यांच्या गुणांवरचा माझा विश्वास उडाला आहे.

गेले तीन आठवडे रेवा डब्यांच्या ओळीत दहापैकी दहा वेळा बरोबर बसत होती. केंद्राच्या दैनंदिनीत तिच्यापुढे “उत्तम” असा शेरा पडला होता, आणि मीही घरी फोन करून ते सांगितले होते. आज सकाळी मांडणी करताना दुय्यम हस्तकांनी काही विशेष विचार न करता एका रिकाम्या डब्यात नवी कोरी झिपची पिशवी टाकली. रेवा ओळीतून आली, त्या डब्यापाशी वळली, खाली बसली आणि नाक रोखून माझ्याकडून चेंडूची वाट पाहू लागली. त्या डब्यात गांजाचा कणही नव्हता.

मी सराव थांबवला आणि आम्ही दोघांनी मिळून एकेक गोष्ट वेगळी करून पाहिली. नव्या पिशवीचा तुकडा ठेवला, ती बसली. न वापरलेल्या रबरी हातमोज्याचा तुकडा ठेवला, ती बसली. त्यानंतर गांजा पिशवीतून काढला, धुतलेल्या चिमट्याने उकळून वाळवलेल्या सुती कापडात ठेवला आणि ते कापड डब्यात घातले. रेवा त्या डब्यावरून पुढे गेली. दुसऱ्या फेरीत ती तिथे रेंगाळली, शेपटी हलवली, माझ्याकडे पाहिले आणि अर्धवट बसून पुन्हा उठली.

कारण उघड होते. आरंभापासून नमुना हाताळताना आम्ही काळजीपूर्वक नवे हातमोजे घालत होतो आणि नमुना नेहमी एकाच गठ्ठ्यातल्या पिशवीत ठेवत होतो, तर रिकामे डबे मात्र उघड्या हाताने उचलून मांडत होतो. नियम पाळण्याची आमची ही शिस्तच रेवाला उत्तर सांगत होती. ज्या डब्याला नव्या रबराचा आणि प्लॅस्टिकचा वास येतो, त्यात चेंडू असतो, हे तिने अचूक हेरले होते. तिने चूक केली नव्हती. आम्ही जे शिकवले तेच ती शिकली होती, फक्त आम्ही काय शिकवतो आहोत हे आम्हाला ठाऊक नव्हते. अशा कुत्र्याला घेऊन मी उद्या एखाद्या एसटी स्थानकात उभी राहिले असते, तर नव्या पिशवीत साडी घेऊन निघालेल्या बाईच्या सामानापुढे ती बसली असती.

प्रशिक्षकांना सायंकाळी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. मागच्या तुकडीतला एक कुत्रा फक्त चिकटपट्टीवर बसत असे, एवढेच ते म्हणाले. मागच्या तुकडीची ही गोष्ट आम्हाला जूनमध्येच कळली असती तर बरे झाले असते, हे मी त्यांच्यासमोर बोलले नाही, इथे लिहिते.

७ ऑगस्ट

नवी पद्धत सुरू केली. आठही डब्यांत आता तेच सुती कापड, तीच पिशवी आणि हातमोज्याचा तुकडा असतो. फरक असतो तो केवळ गांजाचा. डबे रोज गरम पाण्याने धुऊन उन्हात, आणि ऊन नसल्यास पंख्याखाली वाळवले जातात. मांडणी रोज वेगळा माणूस करतो, नाहीतर ती माणसाच्या वासाचा माग काढील. नमुना कुठल्या क्रमांकाच्या डब्यात जाणार हे चिठ्ठी काढून ठरते, कारण माणूस स्वतःच्या मनाने जागा निवडू लागला की पहिला आणि शेवटचा डबा हमखास टाळतो. गांजाही एकाच जप्तीतला न घेता तीन वेगवेगळ्या ठिकाणचा घेतला आहे. त्यातला एक सातपुड्याच्या पायथ्याकडचा ताजा आणि दुसरा बराच जुना, विटांसारखा दाबलेला आहे.

रेवा गोंधळली आहे. आज ती चार डब्यांपुढे बसली आणि चारही वेळा तिला काही मिळाले नाही. पाचव्या वेळी ओळीत यायलाच तिने नकार दिला. पंधरा मिनिटे नुसता चेंडू खेळून सराव संपवला.

१९ ऑगस्ट

आठपैकी सहा. आकडा पूर्वीपेक्षा कमी असला तरी या सहांवर माझा विश्वास आहे.

२ सप्टेंबर

पोळ्यानिमित्त सराव नाही. रेवाच्या उजव्या कानाला ओलाव्यामुळे बुरशीचा संसर्ग झाला आहे, औषध दिले.

११ सप्टेंबर

गणपतीच्या बंदोबस्तातून सुटका झालेल्या एका सहकाऱ्याने आमच्या शोधाचे मोबाइलवर चित्रीकरण केले. ते पाहून पुन्हा लाज वाटली. नमुना कुठे आहे हे मला माहीत असले की त्या जागेजवळ माझी चाल मंदावते, पट्टा किंचित सैल पडतो आणि उजवा हात चेंडूच्या खिशाकडे जातो. रेवा तीन वेळा नाकाने नव्हे, तर माझ्या हाताकडे पाहून बसली, हे चित्रीकरणात स्पष्ट दिसते.

हा दोष केवळ माझा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ मध्ये असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी कुत्रा आणि हस्तक अशा १८ जोड्यांना एका इमारतीत शोधासाठी पाठवले, काही ठिकाणी लाल कागद लावून तिथे माल असल्याचे हस्तकांना सांगितले, आणि प्रत्यक्षात संपूर्ण इमारतीत अंमली पदार्थ किंवा स्फोटक कुठेच ठेवले नाही. तरीही हस्तकांनी इशाऱ्यांची नोंद केली, आणि ते इशारे लाल कागदाच्या जागी अधिक होते. जिथे सापडेल असे हस्तकाला वाटले, तिथे कुत्र्याला “सापडले”.

उद्यापासून नमुन्याची जागा मला सांगायची नाही. जो ती जाणतो तो माणूसही मैदानावर थांबणार नाही. शिवाय दर चार फेऱ्यांमागे एक फेरी पूर्णपणे रिकामी असेल. या रिकाम्या फेरीचे महत्त्व मला पूर्वी कधीच समजले नव्हते. प्रत्येक फेरीत काहीतरी असतेच अशी सवय लागलेला कुत्रा शेवटी कंटाळून कुठेतरी बसतो, आणि तशीच सवय लागलेला हस्तक ते मान्य करतो.

२७ सप्टेंबर

आज पहिल्यांदा मोठा साठा वापरला. गोदामात पाच किलोंची गोणी ठेवली होती. वीस-पन्नास ग्रॅमवर झटकन बसणारी रेवा दाराशीच घुटमळू लागली, गोल फिरली, भिंतीला नाक लावून पुन्हा दाराशी आली. सगळे गोदामच वासाने भरलेले असताना तो नेमका येतो कुठून, हे तिला उमगत नव्हते. सात मिनिटांनी ती गोणीपुढे बसली. छोट्या नमुन्यांवरच घडवलेला कुत्रा मोठ्या मालासमोर असा भांबावतो. आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. आंध्र आणि ओडिशाच्या सीमाभागातून महाराष्ट्रात गोण्यांनी आणि ट्रॉली बॅगांनी गांजा येतो, आणि भुवनेश्वरहून निघणारी कोणार्क एक्स्प्रेस विशाखापट्टणम, सिकंदराबाद, सोलापूर, पुणे अशीच मुंबईला पोहोचते. कायद्यानेही गांजाचे २० किलो हे व्यापारी प्रमाण, म्हणजे सर्वांत कडक शिक्षेची मर्यादा, धरले आहे. म्हणून पाच ग्रॅमपासून पाच किलोंपर्यंत सगळी वजने आलटून पालटून द्यायची.

याच चर्चेत भांगेचा विषय निघाला. एनडीपीएस कायदा, १९८५ (अंमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा) नुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर निव्वळ पाने, ज्यांची भांग होते, आणि बिया त्यात मोडत नाहीत. रेवाला हे कलम समजावून सांगता येणार नाही. ती दोन्हींपुढे बसेल, आणि फरक पंचनामा करणाऱ्याने करायचा आहे.

९ ऑक्टोबर

मेफेड्रोनचा नमुना सुरू केला. पोलीस ठाण्यात सगळेच याला एमडी म्हणतात. २०१५ मध्ये हा पदार्थ एनडीपीएस कायद्याखाली आला, आणि त्याचे अल्प प्रमाण दोन ग्रॅम तर व्यापारी प्रमाण ५० ग्रॅम आहे. याच वर्षी फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून एमडीचा प्रचंड साठा पकडला, तेव्हापासून प्रत्येक जिल्ह्याला एमडीवर बसणारा कुत्रा हवा आहे.

गांजा झाडापासून येतो, त्यामुळे त्याचा वास थोड्याफार फरकाने तोच राहतो. एमडी भट्टीत बनते, आणि बनवणाऱ्याने कुठले द्रावक वापरले, ते पुरते उडवले की नाही, यावर तिचा वास बदलतो. एकाच कारखान्यातल्या मालावर शिकवले तर कुत्रा एमडी न शिकता त्या कारखान्याचे द्रावक शिकेल. ऑगस्टमधल्या झिपच्या पिशवीचाच हा दुसरा अवतार आहे. म्हणून तीन निरनिराळ्या गुन्ह्यांतले नमुने मिळेपर्यंत मी सुरुवातच केली नव्हती. कागदपत्रांना पाच आठवडे लागले. नमुने दुहेरी जाळीत आहेत.

२५ ऑक्टोबर

अंतिम चाचणी झाली. सामानाच्या रांगा, दोन खोल्या आणि सहा वाहने होती, आणि माल कुठे आहे हे आत हजर असलेल्या कोणालाच माहीत नव्हते. रेवाने नऊपैकी आठ नमुने शोधले. राहिलेला नमुना हेरॉइनचा होता. पोलंडमध्ये पोलिसांच्या कुत्र्यांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातही गांजा सर्वांत सोपा आणि हेरॉइन सर्वांत अवघड ठरले होते, हे थोडेसे समाधान. दोन्ही रिकाम्या फेऱ्यांत ती कुठेही बसली नाही, आणि मला या गोष्टीचा आठ नमुन्यांपेक्षा अधिक आनंद झाला.

वाहनांच्या बाबतीत मात्र आम्ही कच्च्या आहोत. दुपारच्या उन्हात तापलेल्या गाडीच्या एका बाजूला लपवलेला वास वाऱ्याने दुसऱ्या बाजूच्या चाकाखाली साचतो. वाऱ्याची दिशा पाहून, वारा समोरून घेत, दारांच्या फटी आणि बंपर यांवरून जायचे, असा क्रम पाठ करायचा आहे.

१२ नोव्हेंबर

जिल्ह्यात परतल्यावर हे पहिलेच खरे काम होते. विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे नाक्यावर स्थिर सर्वेक्षण पथक आहे, आणि रात्री नऊ ते अकरा रेवाला तिथे नेले. माणसांच्या अंगाजवळ तिला न नेण्याचे मी आधीच सांगून ठेवले होते. अंगझडतीला एनडीपीएस कायद्याचे कलम ५० लागू होते, संशयिताला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडतीचा हक्क असतो, आणि कुत्र्याच्या इशाऱ्याने तो हक्क संपत नाही.

एकोणीस वाहने तपासली. एका जीपच्या मागच्या सीटपुढे रेवा ठामपणे बसली. सीट काढून पाहिली, काहीही मिळाले नाही. तिथल्या एका सहकाऱ्याने “खोटा इशारा” असे लिहायला घेतले होते. मी “इशारा दिला, वस्तू मिळून आली नाही” असे लिहिण्याची विनंती केली. माल उतरवून गेल्यावरही त्याचा वास कापडात रेंगाळतो, त्यामुळे ती चुकली असे म्हणता येत नाही. आणि काहीच सापडलेले नसताना ती बरोबर होती असेही म्हणता येत नाही. चालकाला जाऊ दिले. रेवाला तिथे चेंडू दिला नाही, कारण काय होते हे आम्हालाच माहीत नव्हते. परत आल्यावर माहीत असलेला एक नमुना लपवून तिच्याकडून शोधून घेतला आणि मग चेंडू दिला.

२५ नोव्हेंबर

जुने गांजाचे नमुने परत केले. पावसाळ्यात १०३ ग्रॅम भरलेला नमुना आज थंडीच्या कोरड्या हवेत ९६ ग्रॅम भरला. आर्द्रतेच्या नोंदी सोबत जोडल्यामुळे या वेळी प्रश्न विचारला गेला नाही.

रिकामे झालेले डबे दोनदा गरम पाण्याने धुऊन वाळवले आणि त्यांतला एक दुय्यम हस्तकांनी मला न सांगता रिकाम्या ओळीत ठेवला. रेवा त्याच्यापुढे बसली. डबा पुन्हा धुण्यास दिला असून, सलग तीन फेऱ्यांत ती त्यावरून न बसता पुढे जाईपर्यंत तो सरावात वापरायचा नाही.